आधी ‘नाही’ म्हणून दाखवा

हे सगळं घडलं २०१९ साली, रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यात. एप्रिल होता. मी तेव्हा त्रेसष्ट वर्षांची होते आणि अंबरनाथजवळच्या चिखलोलीला मुलींच्या एका निवासी मदरशात निकाहाचे कायदे शिकवत होते. माझं स्वतःचं लग्न झालेलं नाही.

मुलींना याची फार गंमत वाटायची. “आपा, पोहता न येणाऱ्याने पोहायला शिकवावं तसं झालं हे,” असं एक जण म्हणाली होती. मी म्हटलं, “काठावरून ओरडायला कुणीतरी लागतंच की.”

कल्याणच्या शाळेत मराठी शिकवता शिकवता मी निवृत्त झाले. मदरशात निकाहाचा भाग आधी एक मौलाना पडद्याआडून शिकवत. मुलींना त्यांना काही विचारता येत नसे. ते गावी गेले, तेव्हा बडी बाजी, म्हणजे तिथल्या मुख्याध्यापिका, माझ्याकडे आल्या. माझे वडील रायगडातल्या आमच्या गावचे काझी. त्यांची नजर गेल्यावर त्यांची पुस्तकं मी त्यांना वाचून दाखवत असे, हे बाजींना कुणीतरी सांगितलं होतं. आम्ही कोकणी, शाफई पंथाचे. मदरशातल्या मुली बहुतेक उत्तर प्रदेशाकडच्या घरांतल्या, हनफी पंथाच्या. काही नियम वेगळे पडतात. ते मी म्हातारपणी नव्याने शिकले. दुसरं कामही नव्हतं.

राहायला मदरशाजवळच एका नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर होते. मजल्यावर चार दारं, त्यातली तीन बंद. लोकांनी घरं घेऊन ठेवली होती, इथे रेल्वे स्टेशन झालं की राहायला येऊ म्हणून. संध्याकाळी लिफ्टचा आवाज आला की मी कान देत असे. लिफ्ट खालीच कुठेतरी थांबायची.

माझ्या वर्गातल्या मुली अठरा-एकोणीस वर्षांच्या, शेवटच्या वर्षाच्या. त्यांना मी सांगत असे की निकाह हा करार आहे. एका बाजूने देऊ केलं, दुसऱ्या बाजूने कबूल केलं, दोन साक्षीदारांनी ऐकलं, की झाला. पण त्याच्याआधी नवरीची परवानगी घ्यावी लागते. आपल्याकडची रीत अशी, की तिच्या वतीने बोलणारा माणूस, ज्याला वकील म्हणतात, तो साक्षीदारांना घेऊन आतल्या खोलीत येतो आणि मुलाचं नाव नि मेहर, म्हणजे नवऱ्याने नवरीला द्यायची रक्कम, सांगून विचारतो. नवरी ओढणीखाली मान घालून बसलेली असते. भोवतालच्या बायका म्हणतात, “हो म्हणाली, हो म्हणाली.” तो परत जातो. तिचा आवाज कुणी ऐकलेलाच नसतो.

पुस्तकात असं आहे, की कुमारिकेला बापाने विचारलं आणि ती लाजून गप्प राहिली, तर ते गप्प राहणं होकार धरावं. बापाने पाठवलेल्या माणसाने विचारलं तरी तसंच. पण परक्याने आपण होऊन विचारलं, तर गप्प राहणं पुरत नाही. तिथे तिने तोंडाने बोललंच पाहिजे. ही शेवटची ओळ मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहीत असे.

नुसतं लिहून काय होतं? म्हणून मी गुरुवारी शेवटच्या तासाला सराव ठेवला. एक मुलगी नवरी, एक वकील, दोघी-तिघी साक्षीदार. नवरा म्हणून वर्गातलं लोखंडी कपाट. निकाहाच्या बाबतीत थट्टेत बोललेलंही खरं धरतात, त्यामुळे खऱ्या मुलाचं नाव घ्यायचं नाही, अशी माझी सक्त ताकीद होती. मुलींनी कपाटाचं नामकरण केलं, ‘कपाट मियाँ, वल्द दीवार साहेब’, म्हणजे भिंतीचा मुलगा. वकील झालेली मुलगी विचारायची, “कपाट मियाँशी तुझा निकाह मंजूर आहे का?” आणि नवरीने आधी मोठ्याने ‘मंजूर नाही’ म्हणायचं. मग पुन्हा विचारायचं, आणि तेव्हा तिला वाटेल ते तिने म्हणायचं.

“आपा, आधी नाही का?”

“हो सगळ्यांना म्हणता येतं. आधी नाही म्हणून दाखवा, मग पुढचं.”

मुली हसून लोळायच्या. स्वयंपाकघरातली बनूबाई भाजी चिरता चिरता दारात येऊन उभी राहायची. ती चिखलोली गावातलीच, शेतकऱ्याघरची. एकदा म्हणाली, “आपा, मना जर कुणी असा इचारला असता ना, तर मी नायच बोलले असते. सदूच्या बापापरीस कपाट बरा. कपाट दारू तरी पीत नाय.”

सदू म्हणजे तिचा मुलगा. त्या दिवशी तास पुढे झालाच नाही.

हा सराव मी का सुरू केला ते मुलींना कधी सांगितलं नाही. मी बावीस वर्षांची असताना श्रीवर्धनकडचं एक स्थळ आलं होतं. माणूस पोस्टात होता. तो एकदा वडिलांकडे येऊन गेला होता आणि मला पाहून नीट हसला होता. वडिलांनी मला ओटीवर बोलावून विचारलं. ते फार काटेकोर होते. शाफई बापाला लेकीला इतकं विचारण्याचीही सक्ती नाही, पण ते विचारत. मी काही बोलू शकले नाही. डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पाहिलं, थोडा वेळ थांबले, आणि म्हणाले, “तुझं मन नसेल तर मी जबरदस्ती करणार नाही, बाय.” त्याच दिवशी त्यांनी नकार कळवला. मला हवं होतं ते स्थळ. ते पाणी लाजेचं होतं, की आनंदाचं, की घर सोडायचं म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. पुढे आई गेली, वडिलांची नजर गेली, भाऊ कुवेतला गेले, आणि मग मला कुणी विचारलंच नाही.

सगळ्या वर्गात एकाच मुलीला ‘नाही’ म्हणता येत नसे. तिचं नाव इफ्फत. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधली, जीन्स शिवणाऱ्या शफाअत मास्टरांची मुलगी. आई लहानपणीच गेलेली. एरवी पोपटासारखी बोलणारी. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकल्यामुळे माझ्याशी मराठीतच बोलायची. पण नवरी होऊन बसली की तोंडावर हात धरायची. “आपा, बिचारा कपाट मियाँ. त्याला वाईट वाटेल.” मी रागावले तर म्हणायची, “घरी कधी कुणाला नाही म्हटलंच नाही. जिभेला सवय नाही.”

शुक्रवारी दुपारी बडी बाजी तिला माझ्याकडे पाठवत, माझी बँकेची आणि औषधांची कामं मोबाइलवर करून द्यायला. ती पाच मिनिटांत काम आटपायची आणि मग संध्याकाळपर्यंत बसायची. माझ्या पुस्तकांतून काहीबाही काढून मोठ्याने वाचायची. माझ्या चहाला नावं ठेवून स्वतः करायची. ती गेली की कपबशा मी लगेच विसळत नसे.

बाजींशी मी बोलून ठेवलं होतं. पुढच्या वर्षापासून इफ्फतने लहान मुलींना शिकवावं, बाहेरून बीए करावं, आणि राहावं माझ्याकडे. मी अंबरनाथच्या बाजारातून दुसरी खाटही आणली. इफ्फतला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “तुम्ही म्हणाल तसं, आपा.” मला फार बरं वाटलं. या मुलीला नाही म्हणता येत नाही, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही.

मार्चमध्ये तिचं लग्न ठरलं. मुलगा मालेगावचा, फुरकान नावाचा. यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान. दोन्ही घरांच्या परवानगीने दोनदा फोनवर बोलणं झालं होतं. मी विचारलं, “तुला हवं आहे का?” ती म्हणाली, “अब्बांनी बघितलंय, आपा.” मी पुन्हा विचारलं. “चांगलंच असेल ना,” म्हणाली, आणि माझ्या मोबाइलमध्ये डोकं घातलं. ती हो म्हणत नव्हती, हे मी मनात घट्ट धरून ठेवलं.

परीक्षा संपल्यावर आठवड्याने लग्न होतं. कॅम्प चारच्या त्या गल्लीत खाली कारखाना, वर कटिंगची खोली. पुरुषांसाठी गल्लीत मंडप. बायका वर. शिलाई मशीनवर चादरी टाकल्या होत्या, जीन्सचे गठ्ठे भिंतीला लावले होते. कितीही झाडलं तरी त्या खोलीत निळी धूळ होतीच. बसलेल्या बायकांच्या पांढऱ्या ओढण्या कडेने निळसर झाल्या होत्या. इफ्फत कटिंगच्या मोठ्या टेबलाशेजारी गादीवर बसली होती. वर्गातल्या तिघी-चौघी तिच्याभोवती.

अस्रची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची, नमाज झाली आणि शफाअत मास्टर मला जिन्यात भेटले. बारीक माणूस, गळ्यात अजून टेप तशीच.

“आपा, एक मेहरबानी करा. आत तुम्ही जा.”

“मी? वकील तुमचे भाऊ आहेत ना?”

“आहेत. पण ते जाणार माझ्याकडून. मग ती गप बसणार, आणि बायका हो बोलणार. आपा, तिने मला आजपर्यंत कशालाच ना बोललं नाही. लाल फ्रॉक आणला तरी चांगला, हिरवा आणला तरी चांगला. मला काय समजणार तिला काय पाहिजे ते?” त्यांनी जिन्यातून वर पाहिलं. “तुम्ही परक्या आहात. मी तुम्हाला पाठवत नाही, हे ध्यानात ठेवा. मी काय बोललोच नाही. तुम्ही तुमच्या मनाने गेलात. मग तिला बोलावंच लागेल.”

“हा नियम तुम्हाला कुणी सांगितला?”

“तिनेच. सुट्टीत आली की वर कटिंगच्या टेबलावर बसून सगळा सबक मला शिकवते. मी कापत असतो, ती बोलत असते.”

“आणि ती नाही म्हणाली तर?”

“तर लोक बिर्याणी खाऊन जातील.”

असा बाप मी माझ्या वडिलांनंतर पाहिला नव्हता. त्यांच्याबद्दल मनात आदर यायला हवा होता, तो आलाही, पण नंतर. आधी माझ्या मनात आली ती आशा.

मी आत गेले. दारात इफ्फतचे चाचा आणि शेजारचे एक गृहस्थ साक्षीदार म्हणून उभे राहिले. तिची फूफी, म्हणजे मास्टरांची थोरली बहीण, माझ्याकडे पाहून म्हणाली, “ये क्यूँ आईं?” चाचांनी तिला हाताने गप्प केलं.

मी इफ्फतसमोर बसले. “इफ्फत बिन्त शफाअत, मालेगावचे फुरकान वल्द अब्दुल मतीन यांच्याशी, ठरलेल्या मेहरवर, या दोन साक्षीदारांसमोर विचारते. तुझा निकाह लावायला तू मला वकील करतेस का? तुला मंजूर आहे का?”

ती गप्प राहिली. खाली कुणीतरी माइक तपासत होतं.

“शरमा रही है,” फूफी म्हणाली. “हाँ समझो.”

“मला तसं समजता येत नाही,” मी म्हटलं. “मी परकी आहे. तिने बोलायला हवं.”

“अरे, मौलाना बैठे हैं नीचे.”

“बसू देत.”

ओढणीखाली इफ्फतने खोल श्वास घेतला आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाली, “मंजूर नाही.”

वर्गात वर्षभरात तिच्या तोंडून न निघालेला शब्द. मुलींपैकी एक फिसकन हसली आणि लगेच घाबरून गप्प झाली. फूफी मागच्या गठ्ठ्यावर मटकन बसली. चाचा म्हणाले, “मदरसे की आदत है. मजाक में निकल गया. फिर से पूछो, आपा.”

“यात मजाक नसतो,” मी म्हटलं. “सगळे जरा बाहेर थांबा.”

फूफी बडबडत गेली. मुली गेल्या. दार लोटून घेतलं. त्या क्षणी मला फक्त जिना उतरून खाली जायचं होतं. एकच वाक्य सांगायचं होतं, आणि त्या वाक्याला साक्षीदार होते.

इफ्फतने ओढणी वर केली. घामाने काजळ पसरलं होतं, आणि ती हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं.

“आपा, निघालं.”

“काय निघालं? वर्गातलं की मनातलं?”

“माहीत नाही. तुम्ही तसंच विचारत होतात. तोच आवाज. आधी नाही म्हणायचं असतं ना.”

“ऐक,” मी म्हटलं. “तू म्हणालीस ते दोघांनी ऐकलंय. मी खाली जाऊन तेवढंच सांगितलं तरी पुरे. तुला कुणाला काही समजावत बसायला नको. तुझे अब्बा रागावणार नाहीत, ही माझी हमी. संध्याकाळी तू माझ्याबरोबर चिखलोलीला येऊ शकतेस.”

शेवटचं वाक्य बोलायची गरज नव्हती. ते निघून गेलं.

“एवढ्यावर मोडतं, आपा?”

“मोडायला झालंय कुठे? झालेलंच नाही अजून.”

“अब्बांना लोक बोलतील.”

“चार दिवस बोलतील.”

ती गप्प बसली. कपड्याला चिकटलेला एक निळा दोरा तिने काढला, बोटाला गुंडाळला, सोडला. तिचं हे गप्प बसणं मी माझ्या बाजूने धरत होते. पन्नास वेळा फळ्यावर लिहिलेला नियम माझाच होता, तरीही.

मग ती म्हणाली, “आपा, फोनवर त्याने विचारलं होतं, तुझ्या पुस्तकांना किती जागा लागेल. भिंत मोजून ठेवली आहे म्हणाला.” आणि थोड्या वेळाने, “मला तो आवडतो. मला वाटायचं, अब्बांनी ठरवलं म्हणून आवडतो. तुम्ही खाट आणलीत तेव्हा वाटलं, तुमच्याकडे राहणंही आवडेल. मला सगळंच आवडतं ना, म्हणून माझं मलाच कळत नव्हतं. आता नाही म्हणून बघितलं. खरंच थांबलं सगळं. तरी तो आवडतोच आहे.”

मी ओढणीच्या टोकाने तिचं पसरलेलं काजळ पुसलं.

“पुन्हा विचारा, आपा. आणि जरा मोठ्याने. चाचांना कमी ऐकू येतं.”

मी साक्षीदारांना आत बोलावलं. तेच शब्द, त्याच क्रमाने. चाचांना पोचावेत म्हणून मी ते मोठ्याने म्हटले. या वेळी ती थांबली नाही. “मंजूर आहे,” असं इतक्या मोठ्याने म्हणाली, की खाली मंडपात ते ऐकू गेलं आणि पुरुष हसले.

खाली जाऊन मी तिची वकील म्हणून बोलले. फुरकानने कबूल केलं. मौलानांनी दुआ मागितली, खजूर वाटले. शफाअत मास्टरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते कडेच्या खुर्च्या सरळ करत होते, ज्या आधीच सरळ होत्या. इफ्फतने निघताना मला मिठी मारली तेव्हा कानात काहीतरी सांगितलं. बँडवाले शेजारीच होते, मला ऐकू आलं नाही. पुन्हा विचारायला गाडी थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी बनूबाई म्हणाली, “गेली का गो तुजी पोर?”

“गेली.”

“मंग रड की जरा. लोकांच्या लग्नात रडाला पैसं पडत नाय.”

मी रडले नाही. शाबान संपायला आला होता, मदरसा रिकामा होत होता, मुलींच्या ट्रंका बाहेर निघत होत्या. कपाट मियाँना कुणीतरी ओढणी गुंडाळून ठेवली होती.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये कोरोनामुळे सगळं बंद झालं. मुली घरी गेल्या त्या परत आल्याच नाहीत. इमारतीच्या मालकाने जागा परत मागितली आणि बडी बाजी मदरसा घेऊन भिवंडीच्या बाजूला गेल्या. तिथे आता दुसरी एक शिकलेली मुलगी निकाहाचा भाग शिकवते. सराव घेते की नाही, मला ठाऊक नाही. मी विचारलेलं नाही.

शफाअत मास्टरांचा कारखाना त्या बंदीत बुडाला. ते गावी गेले, दीड वर्षाने परत आले, आणि आता दुसऱ्याच्या कारखान्यात कटिंग करतात. उल्हासनगरला गेले की मी त्यांना भेटते. ते चहा मागवतात. त्या दिवसाचं आम्ही बोलत नाही. फूफीने मला माफ केलेलं नाही. घरातल्या प्रत्येक लग्नात ती माझी नक्कल करून दाखवते, आणि म्हणे चांगली करते.

फुरकानने पुस्तकांची फळी खरोखर ठोकली होती. इफ्फतने फोटो पाठवला होता. त्यांना एक मुलगा आणि एक मुलगी आहे. दुपारी शेजारच्या बायका तिच्याकडे शिकायला येतात. पहिल्या वर्षी ती दर शुक्रवारी फोन करायची. मग महिन्याने करू लागली. आता ईदला करते. भरभर बोलते, मागे मुलं भांडत असतात, मग म्हणते, “आपा, थोड्या वेळाने करते हं.” सुखात आहे. आवाजावरून कळतं.

बनूबाईच्या मुलांनी शेत विकलं आणि मोबदल्यात घर घेतलं, आमच्याच समोरच्या इमारतीत, सातव्या मजल्यावर. गच्चीत सुकट वाळत घालू देत नाहीत म्हणून ती सोसायटीशी भांडत असते. सदूचा बाप वारला, तेव्हा मात्र ती पुष्कळ रडली.

मी तिथेच आहे. शिकवणं सुटलं. मजल्यावरच्या बाकीच्या दारांत आता माणसं राहायला आली आहेत, चांगली आहेत, सकाळी जातात आणि अंधार पडल्यावर येतात. संध्याकाळी मी खाली बाकावर जाऊन बसते. बनूबाई आली तर आम्ही बोलतो. तिच्या गुडघ्यांमुळे ती रोज येत नाही. नाही आली, तर दिवे लागेपर्यंत बसते आणि वर येते.